जिन्यावरच्या फोटोची पाटी

मंगळवार, ११ मार्च

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण त्याची चौकशी तू करत नाहीस म्हणून मीही सांगत नाही. तुमच्याकडे सगळे खुशाल असाल. चिमणीला माझा पापा दे. लग्नाची झाली तरी मावशीला ती एवढीशीच.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर ऐक. फोनवर तू ‘हं ताई, हो ताई’ करतेस आणि मी मुद्द्यावर आले की तुझ्या दारावरची बेल वाजते. दर वेळी बरी वाजते! पत्राला बेल नसते. निवांत वाच. शाळा माझी चौथीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

परवा तू म्हणालीस, रविवारी विहीणबाईंना आणि होणाऱ्या जावयाला हवेली दाखवायला आणते. बरं वाटलं ऐकून. किती वर्षांनी तुझे पाय इकडे लागतायत. पण पाठोपाठ म्हणालीस, ‘ताई, तू जरा सांभाळून घे.’ काय सांभाळून घेऊ ते विचारेपर्यंत बेल वाजलीच. मी समजले, माझ्या तोंडाबद्दल म्हणतेयस. घालीन आवर. विहिणीसमोर नीट वागेन. एवढी काही मी रानटी नाही.

आता हवेलीचं. तू ओळखणार नाहीस. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तिथे शेतकी कचेरी होती, नाही का? मी मात्र सगळ्यांना पुरून उरले. मालक होते तेव्हा आई ती फरशी घासायची. मग क्षयाचा दवाखाना आला, त्याच फरशीवर मी फिनेल ओतलं. मग कचेरी आली. नाचाच्या दालनात बियाण्यांची पोती रचली, पोत्यांपाठी उंदीर आले, उंदरांपाठी मांजरं आणली, आणि मांजरांच्या दुधासाठी साहेब लोक वर अर्ज करत बसले. मग तो हॉटेलवाला. त्यानं मालकांच्या वाचायच्या खोलीत दारूचा गुत्ता काढला आणि घोड्यांच्या पागेत न्हाणीघरं. म्हणायचा, लोक लांबून लांबून येतील. लोक शहाणे, आले नाहीत. आता संग्रहालय. मालक बदलले, रंग बदलले, बाहेरचा फलक बदलला. झाडू मात्र माझाच.

आणि ह्या संग्रहालयवाल्यांची तऱ्हाच न्यारी. म्हणतात, बाई, फार लखलखीत करू नका, जुनं दिसलं पाहिजे. जन्मभर डाग काढायचा पगार घेतला, आता डाग ठेवायचा पगार मिळतो! भिंतीवर दवाखान्याचा तो हिरवा पट्टा होता ना, कमरेएवढा, तो खरवडून काढायला लावला. म्हणे तो त्या काळाचा नाही. अरे, त्या पट्ट्याला टेकून माणसं खोकून खोकून मेली, त्यांचा काळ काळ नव्हता का? पण विचारतंय कोण आम्हाला.

माझं काय केलंय माहीत आहे? दासी. सकाळी झाडलोट झाली की टोपी आणि झालरीचा एप्रन घालून मी स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसते आणि बटाटे सोलते. दोरीच्या पलीकडून लोक बघतात. पोरं विचारतात, ‘आई, ही खरी आहे का गं?’ एका कार्ट्यानं मागच्या आठवड्यात बोट लावून बघितलं. मी म्हटलं, ‘खरी आहे, आणि चावते.’ तर संग्रहालयाच्या साहेबांनी मलाच बोलावून समज दिली. बटाटे खरे असतात, ते संध्याकाळी मलाच घरी न्यावे लागतात. बटाटा बघितला की आता मळमळतं.

ती जागा आईचीच, बरं का. तीच खिडकी. ती तिथे खरं काम करायची तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. मी खोटं करते, तर लोक तिकीट काढून बघतात.

असो. मुद्द्याचं.

मोठ्या जिन्याच्या वळणावर एक फोटो लावलाय, माणसाएवढा. हॉटेलवाल्याच्या अडगळीत सापडला होता, तो साहेबांनी मोठा करून आणला. उंची रेशमी पोशाख, गळ्यात मोत्यांचे सर, हनुवटी वर. खाली पितळी पाटी ठोकली, ‘बाईसाहेब, हवेलीच्या मालकीण’. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हातातली बादली जिन्यावरून ठणाठणा खाली गेली.

धाकटे, ती आई आहे.

साहेब तुला विचारणार आहेत. ऐनवेळी आ वासून उभी राहशील, म्हणून सगळं लिहून ठेवते. फोटोवाला आला होता. दिवाणखान्यात दिवे मांडत होता. बाईसाहेबांचं डोकं चढलं होतं. त्या आईला म्हणाल्या, तुझा-माझा बांधा सारखाच आहे, माझे कपडे घाल आणि बस, त्याचे दिवे जमेपर्यंत मी जरा पडते. आई बसली. आपण दोघी पडद्यामागे. त्यानं दिवे लावले, हलवले, परत लावले. बाईसाहेब काही खाली आल्या नाहीत. शेवटी तो वैतागला, म्हणाला, ‘आलोय तर एक तुमचाच काढतो.’ तेव्हा आईनं हनुवटी वर केली. कुणी सांगितलं नव्हतं.

तू धावत गेलीस तिच्या मांडीवर चढायला, तर ती म्हणाली, ‘लांब हो, चुरगळेल.’ मग तिनं ते सगळं उतरवलं, आपला मळका एप्रन बांधला, आणि तू जे भोकाड पसरलंस! ‘ही नको, ती आई पाहिजे.’ तिच्याजवळ जाईनास. मीच तुला काखेत मारून अंगणात फिरवत होते. आठवतं ना?

साहेब माणूस वाईट नाही. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो, एवढंच. मी रोज झाडू हातात घेऊन सांगायची, ‘साहेब, ती माझी आई.’ ते म्हणायचे, ‘बाई, जुन्या फोटोत कुणालाही आपली आई दिसते.’ मी म्हटलं, ‘इथे ढिगानं फोटो लावलेत तुम्ही. बाकी कुणात नाही दिसली ती मला.’ तेव्हा चष्मा शोधायला लागले. काल म्हणाले, ‘त्या दिवशी हजर असलेलं दुसरं कुणी आहे का? एकट्या तुमच्या शब्दावर पाटी बदलली तर वरचे मलाच घरी पाठवतील.’

‘आहे की,’ म्हटलं, ‘माझी धाकटी बहीण. रविवारीच येतेय.’

‘मग झालं. त्या सांगतील तशी नवी पाटी करू.’

आणि आज सकाळी सुताराला सांगून जुनी पाटी उतरवलीसुद्धा! नुसती चार भोकं राहिलीत. रविवारी येशील तेव्हा साहेबांना दोन शब्द सांग, बस. आईचं नाव आयुष्यात कुठे लिहिलेलं बघितलंयस तू? मी नाही. आता पितळेवर येईल. पॉलिशचा डबा आत्ताच आणून ठेवलाय मी.

बाकी उद्या लिहीन. डोळे दुखतात.

गुरुवार, १३ मार्च

काल पत्र टाकायचं राहिलं. आज फाडणार होते.

नळवाला आला नाही. सोमवारपासून येतो येतो म्हणतोय. न्हाणीघरातला नळ गळतो आणि पाणी भिंतीतून थेट नाचाच्या दालनात उतरतं. मी खाली बादली ठेवली, तर साहेब म्हणाले प्लास्टिकची नको, त्या काळची ठेवा. त्या काळच्या बादलीला भोक आहे. आता बोल. भोकाच्या बादलीखाली प्लास्टिकची लपवून ठेवलीय. मांजरही व्यायलीय, बियाण्याच्या कोठीत. पिल्लं बरी आहेत.

बरं. तुझी विहीण आली होती.

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात. मला तर अख्खी विहीणच धाडलीस. तुला ठाऊक नसणार. आज दुपारी एकटीच आली, बसनं. मला तरी कुठे माहीत कोण ती. जाडसर, हसरी, धापा टाकतेय. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘अहो, पाणी मिळेल का घोटभर? का तेसुद्धा त्या काळातलंच आहे?’

मला हसू फुटलं. आवडली मला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तू माझ्यावर उलटणार नाहीस.

दोरी उचलून आत आली आणि सरळ मालकांच्या वेळच्या स्टुलावर बसली. मी म्हटलं, ‘त्याच्यावर बसायला बंदी आहे.’ तर म्हणाली, ‘मग तुम्ही जरा तिकडे बघा.’ पाणी प्यायली. एक सुरी घेऊन माझ्याबरोबर बटाटे सोलायला लागली. बोलकी आहे, मला विचारावं लागलंच नाही काही.

‘हे आमच्या होणाऱ्या सुनेचं आजोळ,’ म्हणाली. ‘तिच्या आईचं माहेर. रविवारी रीतसर दाखवणार आहेत, पण म्हटलं आधी गुपचूप बघून यावं. मोठं घराणं म्हटलं की मला बाई धडकीच भरते. आमचं काय, पिठाची गिरणी. अंगाला कायम पीठ. उद्या ही पोर नाक मुरडायला लागली तर?’

मी म्हटलं, ‘सून करते काय तुमची?’

तिनं सांगितलं. चिमणीच.

मग माझ्याकडे निरखून बघून म्हणाली, ‘तुम्हीच का हो त्या?’

‘त्या’ म्हणजे कोण, ते लिहिते पुढे. आत्ता लिहवत नाही.

जिन्यावर सोबत चला म्हणाली, धाप लागते. मी हाताला धरून नेलं. वळणावर आली आणि माझा हात सोडून उभीच राहिली.

‘अगं बाई! ही तर आमची सून!’

तशीच आहे गं चिमणी. इतकी वर्षं मला का दिसलं नाही? तीच हनुवटी. विहीण खाली वाकून पाटी शोधायला लागली. चार भोकं.

‘कोण ह्या?’ तिनं विचारलं.

ज्या एका उत्तरासाठी मी इतके महिने साहेबांचं डोकं खाल्लं, ते उत्तर जिभेवर होतं. पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारत होतं. मी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि काच पुसायला लागले. पुसलेलीच होती.

‘बाईसाहेबच असणार, दुसरं कोण,’ तीच म्हणाली. ‘तुम्ही पाहिलंत का ह्यांना?’

‘पाहिलं.’

‘कशा होत्या?’

खोटं मला येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून खरं सांगितलं. म्हटलं, सगळ्यांच्या आधी उठायच्या. हात खरखरीत होते, पण तापलेल्या कपाळावर ठेवला की बरं वाटायचं. रागावल्या की बोलायच्या नाहीत, भांडी आपटायच्या. स्वतः शिळं खाऊन पोरींना ताजं वाढायच्या. दोन पोरींत एकच लोकरीचा कोट होता, तर धाकटीला थंडी जास्त वाजते म्हणून मोठीला चुलीपाशी बसवून ठेवायच्या आणि गोष्टी सांगायच्या, म्हणजे मोठीला वाटायचं आपलीच चंगळ आहे.

‘बाईसाहेब असून?’ तिचे डोळे हे एवढे झाले.

‘हो,’ म्हटलं. ‘असून.’

तिनं रुमाल काढून नाक पुसलं. म्हणाली, ‘मी उगीच घाबरत होते हो. अशा बाईची नात आमच्या गिरणीत सुखानं नांदेल.’

आता ते ‘त्या’.

तू तिला सांगून ठेवलंयस म्हणे. हवेलीत आमच्या वेळची एक जुनी विश्वासू बाई आहे. जरा फटकळ आहे, काही बोलली तर मनावर घेऊ नका. पण मनानं चांगली. अगदी घरच्यासारखी.

‘तुम्हीच का हो त्या?’

मी म्हटलं, ‘मीच.’

घरच्यासारखी! तुझी विहीण किती मायेनं सांगत होती. जाताना माझ्या मुठीत नोट कोंबायला लागली, म्हणे विहीणबाईंनी तुमचं फार कौतुक केलंय. मी घेतली नाही. उलट पिशवीभर बटाटे दिले तिला. तिच्याबरोबर बसलेच होते ना सोलत, अर्धे तिचेच.

तुला मालकाची लेक व्हायचंय ना? हो बाई. त्यांची पोरं परदेशात जाऊन तिकडेच विरली, विचारायला कुणी बसलं नाही इथे. गिरणीवाल्यांना तेवढ्यानं आनंद होत असेल तर होऊ दे. मी कुठे त्यांना दस्त दाखवायला जाणार आहे? पण धाकटे, तुझ्या त्या घरात तू मला चाकरीला ठेवलंस. आईला तर तेवढंही ठेवलं नाहीस, पुसूनच टाकलंस. त्या हिरव्या पट्ट्यासारखं.

चिमणी रविवारी का येत नाही, तेही आता समजलं. म्हणे तिचा अभ्यास आहे. अभ्यास कसला डोंबलाचा. तिला यातलं काही माहीत नाही, हे मी पैजेवर सांगते. ती फाटकातूनच ‘मावशी’ करून ओरडत आली असती, आणि तुझं सगळं मुसळ केरात गेलं असतं. आणि ‘सांभाळून घे’ म्हणजे काय, तेही कळलं. उशिरा कळतं मला, पण कळतं.

रागानं लिहिलंय. खोडत नाही.

विहीण गेली तशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, ‘साहेब, जुनी पाटी परत ठोका. माझी चूक झाली.’ त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, पहिल्यांदाच कुणी न सांगता. म्हणाले, ‘बाई, इतके दिवस मला सळो की पळो केलंत. आता मला खरं वाटायला लागलं, तर तुम्ही मागे फिरता? ते काही नाही. रविवारी तुमची बहीण काय म्हणते ते ऐकू आणि तसं करू.’ मी म्हटलं, बहीण बहुतेक येणार नाही. ते म्हणाले, ‘मग भोकं तशीच राहू देत.’

मी कुणासाठी मागे फिरले, ते तुला कळत असेल. तुझ्यासाठी नाही.

तर आता असं आहे. रविवारी साहेब जिन्यापाशी उभे असतील. चेहऱ्यावरून तुला ओळखतील, तू माझ्यासारखीच दिसतेस, नाही म्हटलंस तरी. आणि विहिणीदेखत, जावयादेखत विचारतील, ह्या कोण? तू म्हणशील ते पितळेवर कोरलं जाईल. मग ते कुणी पुसणार नाही, निदान पुढचा मालक येईपर्यंत.

बाईसाहेब म्हणालीस तर बाईसाहेब. मी एक अक्षर बोलणार नाही, चिमणीची शपथ. दररोज काच पुसते तशी पुसत राहीन. पण एक ध्यानात घे. विहिणीनं डोळे पुसले ते पोशाखासाठी नाही. पोशाखाचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मोत्यांचंही नाही. जे सांगितलं ते सगळं आईचं होतं, आणि त्यावरच ती म्हणाली, नांदेल. आता तुझं तू बघ. तू शिकलेली आहेस.

मी खाली स्वयंपाकघरात असेन, टोपी-एप्रन लावून. आपणहून वर येणार नाही. हवी असले तर हाक मार. ‘ताई’ म्हणून मारलीस, तर गुडघा कसाही असो, येईन. दुसऱ्या कशानं मारलीस तर मला ऐकू यायचं नाही. रविवारी बटाटे फार असतात.

टपालानं हे वेळेवर पोचायचं नाही, म्हणून सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते. तुझ्याच हातात दे, असं बजावून सांगते. बेल वाजली तर या वेळी खरंच दार उघड.

तुझी
ताई

ता. क. विहीणबाईंना पुढच्या मोठ्या पायऱ्यांनी आणू नकोस, फार धाप लागते त्यांना. मागच्या दारानं आण, तिथे चढ नाही. ते कुठे आहे, हे तुला सांगायला नको.